सेकंड व्हायोलिनची खुर्ची

वाचकाचा प्रश्न: कोथरूडच्या एका चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ती सातव्या वर्षापासून पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकते आहे. परीक्षांच्या आठही ग्रेड झाल्या, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा एटीसीएल हा वादनाचा डिप्लोमा झाला, मधल्या काळात बी.कॉम.ही झालं. दोन वर्षं ती आणि तिचे तीन मित्र मिळून स्ट्रिंग क्वार्टेट चालवत होते, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) आणि एक चेलो असा चौघांचा संच. फर्स्ट व्हायोलिनकडे बहुतेकदा मुख्य धून असते; ती सेकंड व्हायोलिन वाजवायची. गेल्या वर्षी फर्स्ट व्हायोलिनवाला मित्र शिकायला परदेशी गेला, पाठोपाठ चेलोवाल्याला बंगळुरूत नोकरी लागली आणि क्वार्टेट थांबलं. आता एका शाळेत पूर्णवेळ संगीतशिक्षिकेची जागा मिळते आहे, होकार महिनाअखेर कळवायचा आहे. बँकेतून निवृत्त झालेले बाबा म्हणतात, एमबीए कर, व्हायोलिन छंद म्हणून ठेव. आई म्हणते, तळेगावचा प्लॉट विकू, पण तू परदेशी जा. तिचं स्वतःचं म्हणणं असं: ‘बरोबरीचे सगळे कुठे ना कुठे पोचले, माझं करिअर अजून सुरूच झालं नाही. सोलो वाजवण्याइतकी मी मोठी नाही, हे मला कळून चुकलंय. मी जन्मभर सेकंड व्हायोलिनच राहणार का?’ पत्राला ताजा कलम आहे: ‘डावा खांदा आणि मान सहा महिन्यांपासून दुखते, पण ते चालायचंच.’

प्रिय मैत्रिणी,

सुरुवात ताज्या कलमापासून करते. सहा महिने दुखणारा खांदा ‘चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. व्हायोलिन शरीराला वेडंवाकडं राबवतं: मान डावीकडे कललेली, हनुवटी दाबलेली, डावा हात कोपरापासून आत पिळलेला, उजवा तासन्‌तास अधांतरी. मी सव्विसाव्या वर्षी हेच दुखणं असंच अंगावर काढलं. तेव्हाचे माझे शिक्षक म्हणायचे, दुखतंय म्हणजे रियाज लागू पडतोय. मी त्यांचं ऐकलं आणि पुढे आठ महिने वाद्य पेटीतून बाहेर काढता आलं नाही. डाव्या हाताची करंगळी बधिर व्हायची, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. त्या आठ महिन्यांची भीती अजून गेलेली नाही, म्हणून जरा कडक शब्दांत सांगते: शाळेला उत्तर देण्याआधी डॉक्टरांकडे जा. जाताना व्हायोलिन घेऊन जा आणि त्यांच्यासमोर पाच मिनिटं वाजव. नुसतं ‘खांदा दुखतो’ म्हटलंस तर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसाचे व्यायाम लिहून मिळतील. चिनरेस्टची (हनुवटी टेकायच्या पट्टीची) उंची आणि शोल्डर रेस्टचा (वाद्याखाली खांद्यावर बसणाऱ्या आधाराचा) कोन तुझ्या मानेला बसतो का, हे तुझ्या शिक्षकांकडून तपासून घे. वाद्याबरोबर आलेली चिनरेस्टच बहुतेक जण वर्षानुवर्षं वापरत राहतात. आणि सलग तीन तास वाजवणं आजपासून बंद. पंचवीस मिनिटं वाजव, मग वाद्य खाली ठेवून पाच मिनिटं उठ, फिर.

१९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन भारतात आले होते. जगभर नाव झालेलं, पण अंग शिणलेलं, झोप नीट नाही. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गेले. भेट पाच मिनिटांची ठरली होती, ती पुष्कळ लांबली, आणि दोन वर्षांनी मेन्युइननी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. इतक्या मोठ्या वादकाला शरीराची भाषा शिकवणारा माणूस आपल्या गावचा होता आणि त्यांची संस्था मॉडेल कॉलनीत आहे, याचा मला फार आनंद वाटतो. आधी डॉक्टर, मग त्यांना विचारून तिकडे चौकशी कर.

आता पत्राकडे येते. तुझं पत्र साडेतीन पानी आहे. शाळेच्या नोकरीबद्दल सहा ओळी आहेत, एमबीएबद्दल चार, परदेशाबद्दल अर्धं पान. बाकी जवळजवळ सगळं क्वार्टेटबद्दल आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये खुर्च्या कशा मांडायचात, वॉचमनकाका दारात उभे राहून कसे ऐकायचे, द्वोर्झाकच्या ‘अमेरिकन’ क्वार्टेट या रचनेच्या दुसऱ्या मूव्हमेंटशी, म्हणजे भागाशी, तीन महिने कसे झगडलात, आणि एके दिवशी चौघांचा श्वास एकाच क्षणी पडला तेव्हा वाजवून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललंच नाही. ही पानं मी दोनदा वाचली. प्रश्न करिअरचा आहे असं तू म्हणतेस. मला त्याच्या आधी दुःख दिसतं. एक जिवाभावाची गोष्ट मोडली आहे. भांडण झालं नाही, कोणी वाईट वागलं नाही, त्यामुळे त्या दुःखाला घरात कोणी दुःख म्हणत नाही, तूसुद्धा नाही. पण वाईट वाटत असताना शाळेचा होकार किंवा विमानाचं तिकीट, दोन्ही चुकीच्या कारणासाठी घेतलं जाण्याचा धोका असतो.

आणि त्या पानांमधून तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तूच दिलं आहेस. तुला चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, करायचं आहे. हे तू एकदा स्वतःशी स्पष्ट म्हण, म्हणजे बाकीच्या वाटा त्या कसोटीवर तपासता येतील.

तू मनात एक शिडी उभी केली आहेस. सगळ्यात वर सोलोइस्ट, त्याखाली ऑर्केस्ट्रा, त्याखाली क्वार्टेट, त्यातही फर्स्टच्या खाली सेकंड, आणि तळाला शिकवणारे. ही शिडी तुला कोणी दिली ते मला माहीत आहे, कारण मलाही ती त्याच वाटेनं मिळाली: परीक्षा, गुण, स्पर्धा, ‘यंदा कुठला कॉन्चेर्टो चालू आहे’ अशी विचारपूस (कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाला पुढे ठेवून ऑर्केस्ट्राच्या साथीनं वाजवायची रचना). आपल्याकडे पाश्चात्त्य वाद्य शिकणारं मूल पहिली दहा-बारा वर्षं जवळजवळ एकटंच वाजवतं. सोबतीला फार तर परीक्षेपुरती पियानोची साथ. त्यामुळे एकट्यानं वाजवणं म्हणजेच संगीत, आणि इतरांबरोबर वाजवणं म्हणजे ज्याला एकट्यानं जमलं नाही त्याची सोय, असा समज घट्ट बसतो. तो खरा नाही. क्वार्टेटमध्ये कंडक्टर नसतो, प्रत्येक पार्टला एकच माणूस असतो, आणि एकाच कानानं स्वतःचा सूर आणि दुसऱ्या तिघांचा हेतू ऐकावा लागतो. उत्तम सोलो वाजवणारे कित्येक जण इथे गडबडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सेकंड व्हायोलिनचंच घे. शूबर्टचं ए मायनर क्वार्टेट, १८२४ सालचं, सेकंड व्हायोलिननं सुरू होतं. वरची धून यायच्या आधी दोन मापं, म्हणजे तालाची दोन आवर्तनं, ती एक हलती, अस्वस्थ ओळ वाजवते, खाली व्हायोला आणि चेलो थरथरतात, आणि मग फर्स्ट येतं. त्या दोन मापांत सेकंडनं जो वेग, जो रंग, जेवढा दाब ठरवला, त्यावर सगळी मूव्हमेंट उभी राहते. फर्स्टला गाता येतं कारण कोणीतरी आधीच खोलीत हवा तयार करून ठेवलेली असते. आपल्या गाण्यात तानपुरा आणि तबला मिळून जे करतात त्याच्या जवळ जाणारं हे काम आहे, फक्त इथे ते करणाऱ्याला पुढच्याच ओळीत स्वतः गायलाही लागतं. एमर्सन क्वार्टेट १९७६ पासून २०२३ पर्यंत वाजत होतं आणि त्यांचे दोन व्हायोलिनवादक फर्स्ट-सेकंडची खुर्ची आलटून-पालटून घेत. तुमच्या क्वार्टेटमध्ये असं का झालं नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज असा की तू कधी मागितलंच नाहीस. नवं क्वार्टेट झालं तर पहिल्या दिवशी माग.

मेहली मेहतांची गोष्ट तुला सांगायलाच हवी. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण आधी ते व्हायोलिनवादक होते, बरंचसं स्वतःच्या बळावर शिकलेले. मुंबईत त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. इतकं सगळं करून झाल्यावर १९४५ मध्ये, वयाच्या छत्तिशी-सदतिशीत, घरी दोन लहान मुलं असताना, ते इव्हान गॅलामियन या नामवंत व्हायोलिनशिक्षकांकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि पन्नाशी उलटल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये पाच वर्षं होते. कुठल्या खुर्चीवर, सांगू? सेकंड व्हायोलिनच्या.

तेव्हा चोवीसाव्या वर्षी उशीर झाला, हे म्हणणं मनातून काढून टाक. मात्र याचा अर्थ वेळच वेळ आहे असा घेऊ नकोस. हाताची घडण विशीत जितक्या सहज बदलते तितकी पुढे बदलत नाही, आणि बऱ्याच स्पर्धा व प्रशिक्षण शिबिरांना वयाची अट असते. पुढची चार-पाच वर्षं मोलाची आहेत. ती कुठे घालवायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

शाळेची नोकरी. शिकवणं ही हार आहे, हे तुझ्या पत्रात उघड लिहिलेलं नाही, पण ‘शेवटी शाळेतच’ हे दोन शब्द तीनदा आले आहेत. शिकवण्यानं मी चांगली वादक झाले. दहा वर्षांच्या मुलाला बो (गज) सरळ का ठेवायचा हे सांगताना माझा स्वतःचा बो सरळ झाला. शिवाय पुण्यात उद्या क्वार्टेट ऐकायला कोण येणार? ज्या मुलांना तू आज शिकवशील ती आणि त्यांचे आईबाबा. त्यामुळे शिकवण्याला माझा मनापासून होकार आहे. ‘पूर्णवेळ’ला मात्र नाही. सकाळी आठ ते चार, आठवड्याचे पाच दिवस, वर्गात चाळीस मुलं, स्नेहसंमेलनाची समूहगीतं, संध्याकाळी घरी आल्यावर पेटी उघडायचंही त्राण नाही, हे मी माझ्या दोन हुशार विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिलं आहे. दोन वर्षांत त्यांच्या बोटांची तयारी उतरली. म्हणून शाळेला नकार कळवण्याआधी एक पत्र लिही: आठवड्यातून तीन दिवस चालेल का? व्हायोलिन शिकवू शकणारी माणसं शाळांना सहज मिळत नाहीत, त्यामुळे ही मागणी वाटते तितकी अवघड नसते. नाहीच म्हणाले तर तुझ्याकडे आत्ता येणारी नऊ मुलं आहेतच. ती पंधरा होऊ शकतात, आणि वेळ तुझ्या हातात राहतो.

एमबीएबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तू ते करावंस असं तुझ्या बाबांखेरीज पत्रातल्या कोणालाच वाटत नाही. पण बाबांची काळजी खोटी नाही, तिच्याकडे परत येते.

परदेश. इथे मला तुझ्या आईच्या बाजूनं थोडं बोलायचं आहे. पुण्यात राहून जे मिळत नाही ते मान्य केलं पाहिजे: आठवड्यातून तीनदा आपल्याइतक्याच किंवा आपल्यापेक्षा चांगल्या तिघांबरोबर बसायला मिळणं, आणि आयुष्य क्वार्टेटमध्ये घालवलेल्या माणसानं समोर बसून ‘हे पुन्हा’ म्हणणं. यासाठी दोन वर्षं जाण्यात अर्थ आहे. पण तुझ्या पत्रात ‘परदेश’ हा एकच शब्द आहे. कुठलं शहर, कुठले शिक्षक, कुठला अभ्यासक्रम, काहीच नाही. शिक्षक पाहून जायचं असतं. ज्यांच्याकडे शिकावंसं वाटतं त्यांना लिहून एखादा धडा मिळतो का विचार. पुष्कळ जण ऑनलाइन पहिला धडा देतात, आणि अर्ध्या तासात कळतं की या माणसाकडे दोन वर्षं घालवावीत की नाही.

ब्रिटनमधल्या अनेक कॉन्झर्व्हेटोअरचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज यूकास या प्रवेशसंस्थेमार्फत जातात, त्यांची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि प्रवेश मिळतो तो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरचा. फी जबर असते. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षणशुल्क नसतं. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे सुमारे १२ हजार युरो बंद खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवून दाखवावे लागतात, आणि जर्मन शिकण्यावाचून गत्यंतर नाही. तुझी पदवी बी.कॉम.ची आहे, मास्टर्सला काही ठिकाणी संगीतातलीच पदवी लागते, काही ठिकाणी ऑडिशनवर भागतं, हे प्रत्येक संस्थेला आधी विचारून घे. पैशासाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, ती १८९२ पासून चालू आहे आणि पदवीधरांसाठी आहे. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनचीही माहिती काढ. प्लॉटचा विषय या सगळ्या अर्जांची उत्तरं आल्यावर, सगळ्यात शेवटी. आईनं एवढं मोठं काही विकून तुला पाठवलं तर तिथल्या प्रत्येक वाईट दिवशी तू त्या जमिनीचा हिशेब करशील, आणि शिकताना वाईट दिवस फार येतात.

ऑडिशनला साधारण बाखचं एकट्या व्हायोलिनसाठीचं काहीतरी, मोत्सार्टचा एखादा कॉन्चेर्टो, एक रोमँटिक काळातला कॉन्चेर्टो आणि एखादं एट्यूड (सरावासाठीची रचना) मागतात. मोत्सार्टला सोपा समजू नकोस. सुराची किंवा बोची जी उणीव द्रुत लयीच्या गर्दीत लपून जाते ती तिथे उघडी पडते, म्हणून तर ऑर्केस्ट्राच्या परीक्षांतही तोच विचारतात. माझं म्हणणं, या ऑक्टोबरची घाई सोड, पुढच्या ऑक्टोबरवर नजर ठेव. आजपासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोत्सार्टची पहिली मूव्हमेंट आणि बाखचा एक भाग फोनवर ध्वनिमुद्रित कर. एकदाच वाजवायचं, चुकलं तरी थांबायचं नाही, कापाकापी नाही. सहा महिन्यांनी पहिलं आणि सहावं शेजारी ठेवून ऐक. परदेशासाठी तू तयार आहेस का, हे मला किंवा आईला विचारावं लागणार नाही.

मधल्या काळात पुण्यात काय करायचं, इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

संगीतकार हायडनचा एक चरित्रकार, ग्रिसिंगर, एक हकिकत देतो. हायडन तेव्हा विशी-पंचविशीतला, व्हिएन्नात शिकवण्या करून दिवस काढणारा. फुर्नबर्ग नावाचा एक उमराव त्याला आपल्या गावाकडच्या वाड्यावर बोलवायचा. तिथे वाजवणारे कोण होते? गावचा पाद्री, वाड्याचा कारभारी, एक चेलो वाजवणारा आणि स्वतः हायडन. या चौघांना एकत्र वाजवता येईल असं काहीतरी लिही, असं त्या उमरावानं सांगितलं आणि हायडननं आपली पहिली क्वार्टेटं लिहिली. एका दिवाणखान्यात त्या दिवशी जे चौघे हाताशी होते, त्यांच्यासाठी केलेली ही सोय होती. मोठा हॉल नव्हता, तिकीट नव्हतं. हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण ‘पुण्यात याला वाव नाही’ असं तू लिहितेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे व्हिएन्नाचं आजचं सभागृह असतं. तू त्या वाड्यापासून सुरुवात कर.

आणि दिवाणखान्यातली बैठक ही तर पुण्याची जुनी सवय. सतरंज्या घालून, दारापाशी चपलांचा ढीग लावून, पहाटेपर्यंत गाणं ऐकणारं हे गाव आहे. व्हायोलिनही इथे परकं नाही. आपल्याकडे ते मांडी घालून बसलं, गायला लागलं. वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग, पुण्याच्या घराघरांत ‘गाणारं व्हायोलिन’ पोचवणारे प्रभाकर जोग. इथला श्रोता हायडन ओळखत नसेल, पण दोन वादक एकमेकांना उत्तर देतात ते त्याला लगेच ऐकू येतं, सूर लागला की नाही हेही कळतं. त्याला फक्त कोणीतरी मराठीत चार वाक्यं सांगायला हवीत: आता चेलो काय म्हणतोय ते ऐका, ही धून तीन मिनिटांनी परत येईल तेव्हा ओळखा. तू हे करू शकतेस. परदेशातून आलेल्या कुठल्याही क्वार्टेटला ते जमणार नाही.

म्हणून पुढच्या दिवाळीआधी चार घरगुती मैफली ठरव. प्रत्येक पन्नास मिनिटांची, पंचवीस-तीस माणसं, मध्ये चहा. प्रभात रोडवर, कॅम्पात, औंधला ज्यांचे दिवाणखाने मोठे आहेत आणि ज्यांना गाण्याची आवड आहे अशा लोकांना विचार. दहांत सात जण हो म्हणतात, हा माझा अनुभव. दारात पाकीट ठेव, ज्याला जेवढं द्यायचं तेवढं द्यावं. चार झाल्या की मग कॅम्पातला माझदा हॉल, जिथे पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम होतात, तिथे जाऊन बोल. हातात चार कार्यक्रमपत्रिका घेऊन गेलेल्या माणसाशी बोलणं वेगळं होतं. नोटेशनचा खर्चही फारसा नाही. हायडन, मोत्सार्ट, शूबर्टचे पार्ट आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

माणसं कुठून आणायची? चौघे मिळेपर्यंत थांबू नकोस. दोन व्हायोलिनांसाठी पुष्कळ सुंदर संगीत आहे, व्हायोलिन-व्हायोलासाठी मोत्सार्टचे दोन ड्युएट आहेत, पियानो वाजवणारे पुण्यात चेलोवाल्यांपेक्षा जास्त आहेत. आणि माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: व्हायोला शिक. मी तिशीत व्हायोलाकडे वळले तेव्हा लोकांना वाटलं, हिला व्हायोलिन झेपलं नाही. त्यानंतर मला वाजवायला कधी माणसं शोधावी लागली नाहीत, मलाच लोक शोधत आले. व्हायोलिनवादक दहा असतात तिथे व्हायोला वाजवणारा एखादाच. व्हायोलाचं नोटेशन ज्या आल्टो क्लेफ या खुणेनं लिहितात ते वाचायला दोन महिने डोकं फिरतं, मग बसतं. तुझ्या सेकंड व्हायोलिनच्या कानाला तो मधला आवाज आधीच ओळखीचा आहे. द्वोर्झाकच्या त्या क्वार्टेटची पहिली धून कोणाकडे आहे ते आठवतं ना? व्हायोलाकडे. खांदा बरा होईपर्यंत मात्र व्हायोला हातात घेऊ नकोस, ते मोठं आणि जड आहे.

मुंबईचा रस्ताही उघडा ठेव. एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला; ऐकायला जा, आणि मध्यंतरात तिथल्या स्ट्रिंग्जवाल्यांशी ओळख करून घे. महिन्यातून दोनदा मुंबईत चांगला धडा मिळत असेल तर डेक्कन क्वीननं जाऊन रात्री परत येता येतं, ते मी पाच वर्षं केलं आहे. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचं काम मिळालं तर घे, समोर आलेलं नोटेशन पहिल्या फटक्यात वाचायची सवय त्यात लागते. लग्नांच्या स्वागतसमारंभात वाजवायला कमीपणा मानू नकोस, पण निम्मे पैसे आधी आणि कुठली गाणी वाजवणार त्याची यादी आधीच लेखी ठरवलेली असावी.

आता बाबा. त्यांनी आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. ‘मला व्हायोलिनशिवाय जगता येणार नाही’ हे वाक्य त्यांच्या टेबलावर कधी मंजूर झालं नसतं, घरातही होणार नाही. त्यांच्यापुढे एक कागद ठेव. शिकवण्याचे महिन्याला किती येतात, शाळेचे तीन दिवस मिळाले तर किती, मुंबईच्या धड्याचा आणि तारांचा खर्च किती, अर्जांच्या तारखा कुठल्या. शेवटी एक तारीख लिही, दीड वर्षानंतरची, जेव्हा तुम्ही तिघं बसून पुन्हा बघाल. मग हे आकडे त्यांनाच तपासायला सांग. माझ्या वडिलांनी माझी अशीच एक वही वर्षभर ठेवली होती, दर महिन्याला बेरीज करायचे. माझ्या कार्यक्रमांना ते फारसे येत नसत. त्या वहीत मात्र कोणत्या मैफलीला किती माणसं होती, हेही त्यांच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं.

हे उत्तर जरा लांबलं, कारण अशीच पत्रं मला नाशिकहून, कोल्हापूरहून, पियानोवाल्यांकडून, चेलो शिकणाऱ्या मुलाच्या आईकडून येतात, आणि ‘करिअर सुरूच झालं नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं. तुम्हा सगळ्यांना विचारते: गेल्या वर्षी तुम्ही कोणाबरोबर, काय, किती लोकांसमोर वाजवलंत ते एका कागदावर लिहून पाहाल का? या मुलीच्या पत्रात विखुरलेले तपशील मी एकत्र मांडले तर दोन वर्षांत अकरा कार्यक्रम, तीन पूर्ण क्वार्टेटं आणि नऊ विद्यार्थी निघाले. हे सुरू न झालेलं करिअर नाही.

शेवटचं एक. परदेशी गेलेला तुझा मित्र डिसेंबरच्या सुट्टीत घरी येणार असं तू लिहिलंयस. त्याला आत्ताच कळव की दोन रविवार मोकळे ठेव, आणि या वेळी फर्स्ट तू वाजवणार. बंगळुरूचा चेलोवालाही तेव्हा येईल बहुतेक. तुमच्या चौघांतल्या व्हायोलावाल्या मैत्रिणीला लग्नाच्या गडबडीत जमलं नाही तर संपादकांकडे माझा फोन नंबर आहे. शूबर्टचा ए मायनर घेऊ. त्याचा व्हायोलाचा पार्ट मी काढून ठेवला आहे.